एका मोडल्या हाताला पुरेल एवढी सुटी

नांदेडला वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्याच दिवशी आई ट्रंक भरायला घ्यायची. ती ट्रंक मृगाचा पाऊस तोंडावर येईपर्यंत परत यायची नाही. मधले सगळे दिवस इचोड्याचे. कुठे जायचं, काय पाहायचं, किती दिवस राहायचं, यातलं काहीच ठरवावं लागत नसे. सुटी म्हणजे आजोळ आणि आजोळ म्हणजे इचोडा, इतकं ते सरळ होतं.

नांदेडहून तेव्हा मीटर गेजची गाडी होती, कोळशाच्या इंजिनाची. मुदखेड, भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट करत ती आदिलाबादला टेकायची, तोवर आमच्या डोळ्यांत काजळी गेलेली असायची आणि आईच्या डब्यातल्या दशम्या संपलेल्या असायच्या. आदिलाबादहून गुडीहत्नूरमार्गे एसटीने, म्हणजे आंध्रच्या लाल बसने, सुमारे 30 किलोमीटर गेलं की इचोडा. रस्ता मोठा, वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. पण मोठा म्हणजे एक ट्रक समोरून आला की बसने चाक मातीत उतरवायचं, एवढाच. पुढे निर्मळच्या अलीकडे महबूब घाट, दोन्ही बाजूंना सागवान.

आमचं आजोळ परराज्यात आहे हे मला शाळेत नकाशा भरताना कळलं. घरात कोणी तसं बोलतच नसे. आजोबांच्या उमेदीत सगळं एकच होतं, निजामाचं हैदराबाद संस्थान, आणि किनवटही आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट नांदेडात आलं. राजुरा आधी नांदेडात आलं आणि 1959 साली चांद्याला जोडलं गेलं. इचोडा मात्र आंध्रात राहिलं. त्यामुळे आईचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात झालं, तरी लग्नाच्या पत्रिका, बियाणं, लोणच्याच्या बरण्या आणि मुलं या बाजूची त्या बाजूला जात राहिली. मामाच्या घरात मराठी, बाजारात तेलुगू, आजोबांच्या जमिनीच्या जुन्या कागदांवर उर्दू आणि शेतावर येणाऱ्या माणसांच्या तोंडी गोंडी. आम्ही मुलं चारही भाषांत पाणी मागू शकत होतो.

1971 सालच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचा हात मोडला. तो सात वर्षांचा होता. आमराईतून आंबे उतरवून बंडी घरी येत होती. आंब्यांवर गवत, गवतावर आम्ही पोरं आणि मागच्या कडेला पाय खाली सोडून हा. बंडी सडकेवर चढत असताना मागून ट्रकने कर्णा वाजवला, बैल बिचकले, बंडीला हिसका बसला आणि हा सडकेवर पडला. पडताना त्याने हात पुढे केला. सगळीच लेकरं करतात. उठून बसला तेव्हा रडतही नव्हता, नुसता हाताकडे बघत होता. कोपराच्या वर हात भलत्याच ठिकाणी वाकला होता. सालदाराने, तो जवळच्या पाड्यावरचा गोंड होता, त्याला उचलून खांद्याशी धरलं आणि बंडी तिथेच सोडून पळत घर गाठलं.

मग त्या काळी जे सगळेच करायचे ते झालं. हाडं बसवणाऱ्या माणसाला बोलावणं गेलं. पंचक्रोशीत त्याचं नाव होतं, माणसांची बसवायचा आणि बैलांचीही. त्याने एकाला मुलाचा खांदा धरायला लावला, एकाला मनगट, आणि हात ओढून सरळ केला. ती किंकाळी ऐकून आई माजघरात जाऊन बसली. अंड्याचा पांढरा बलक आणि उडदाचं पीठ कालवून त्याने लेप चढवला, त्यावर जुन्या धोतराच्या पट्ट्या, वर बांबूच्या कामट्या आणि वरून सुतळी, अगदी करकचून. आठ दिवस सोडायचं नाही असं बजावून तो गेला. पैसे घेतले नाहीत. मामाने शेरभर तूर दिली.

रात्री भाऊ तळमळायला लागला. हाड मोडलंय तर दुखणारच, असं म्हणून मामी त्याला थोपटत होती. आजी मात्र कंदील घेऊन त्याच्या उशाशी बसली. ती गावातली बाळंतपणं करायची, शरीराचं तिला कळायचं. तिने त्याच्या करंगळीचं नख दाबलं. ते पांढरं पडलं आणि सोडल्यावरही पांढरंच राहिलं. दुसऱ्या हाताचं दाबून पाहिलं, तिथे लगेच लाली आली. मग तिने बोटं सरळ करायला घेतली तसा तो ओरडला. बोटं सुजून टरटरली होती, निळसर दिसत होती आणि हाताला गार लागत होती. आजीने कातर आणायला सांगितली. मामा म्हणाला, "आई, आठ दिवस सोडू नका म्हणालाय तो." आजीने मान वर केली नाही. "लेकराचा हात ऱ्हायला तर हाड बसंल," एवढंच म्हणाली आणि सुतळी कापायला लागली. मग कामट्या, मग पट्ट्या. लेप वाळून कडक झाला होता, तो तिने कोमट पाण्याने भिजवून थोडा थोडा काढला. बऱ्याच वेळाने बोटांना रंग आला आणि पोरगं झोपलं.

उजाडायच्या आत मामा सडकेवर जाऊन उभा राहिला. पहिली बस यायला अवकाश होता. नागपूरच्या दिशेने जाणारा एक ट्रक आला, सरदारजी होते. मामाने हात केला आणि ट्रक थांबला. आईला आणि भावाला त्यांनी पुढे आपल्या शेजारी घेतलं, मामा मागे मालावर. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात हाताचा फोटो काढला, एक्स-रेला तेव्हा सगळे फोटोच म्हणत. डॉक्टरांनी गुंगी देऊन हाड जमेल तेवढं जागेवर आणलं आणि मागच्या बाजूने अर्धं प्लास्टर घातलं, सूज वाढली तर जागा राहावी म्हणून. ती पट्टी सकाळपर्यंत तशीच राहिली असती तर हाताचा पंजा कायमचा आखडला असता, असं त्यांनी मामाला सांगितलं. मामा हे पुढे कितीतरी वर्षं सांगायचा, आणि सांगताना प्रत्येक वेळी आजीच्या खोलीकडे बघायचा.

मोठेपणी मी यावर वाचलं, तेव्हा त्या रात्रीचा अर्थ नीट कळला. कोपराच्या लगेच वर दंडाचं हाड चपटं आणि पातळ असतं. पाच ते सात वर्षांची मुलं हात पुढे करून पडली आणि ते मोडलं, तर बहुतेक वेळा तिथेच मोडतं. लहान मुलांच्या कोपराच्या मोडींमध्ये हीच मोड सर्वांत जास्त आढळते. आणि त्याच जागेपुढून हाताला रक्त नेणारी मोठी धमनी जाते. तिथे सूज आणि वरून करकचून पट्टी असं दोन्ही झालं की पुढच्या हाताचं रक्त अडतं. काही तासांत स्नायू मरायला लागतात, त्यांच्या जागी ताठर दोऱ्या होतात आणि बोटं पक्ष्याच्या नख्यांसारखी आत वळून तशीच राहतात. फोल्कमन नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने 1881 साली याचं वर्णन केलं होतं आणि घट्ट बांधलेल्या पट्ट्यांकडेच बोट दाखवलं होतं. आजीला फोल्कमन माहीत असण्याचं कारण नाही. तिने नख दाबून पाहिलं.

वडील नांदेडला नोकरीवर होते. त्यांना कसं कळवायचं यावर घरात चर्चा झाली. तार करायची नाही हे लगेच ठरलं, कारण तार दारात आली की माणसं उघडायच्या आधीच रडायला लागत. मामाने पोस्टकार्ड लिहिलं, वर "सर्व खुशाल" आणि खाली बारीक अक्षरात हाताची हकीकत. ते पोचायला जे दिवस लागले ते लागलेच. वडील आले, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, प्लास्टरवर टिचकी मारून पाहिली, दोन दिवस राहिले आणि परत गेले. मुलाला नांदेडला घेऊन जातो असं ते म्हणाले नाहीत आणि आईनेही विचारलं नाही. न्यायचं कशाला? सुटी होती की.

मला सगळ्यांत जास्त आठवतं ते यापुढचं.

ओसरीवरची बाज अंगणात लिंबाखाली आली. सकाळी पश्चिमेला, दुपारी पूर्वेला, सावलीबरोबर ती सरकायची आणि तिच्याबरोबर आमचे सगळे खेळ सरकायचे. विटीदांडू आणि झाडावर चढणं आपोआप मागे पडलं, बाजेपाशी बसून खेळायचे खेळ पुढे आले. अष्टाचंगा, सागरगोटे, चिंचोके. उजवा हात गळ्यात म्हणून भाऊ डाव्या हाताने सागरगोटे झेलायला शिकला आणि महिनाअखेर आम्हा मुलींना हरवायला लागला. त्याला कोणी मुद्दाम जिंकू द्यायचं नाही, असा मामीचा हुकूम होता.

आणि माणसं यायची. गल्लीतली, मळ्यावरची, बाजाराला आलेली. तेलुगू शेजारीण पुलिहोरा घेऊन यायची, तिचा आंबट भात आम्हाला आमच्या घरच्या वरणापेक्षा आवडायचा. मशिदीजवळ राहणारे आजोबांचे जुने दोस्त यायचे, मुलाशी उर्दूत इतक्या अदबीने बोलायचे की तो उठून बसायचा. बांबूच्या टोपल्या विणणारा कोलाम बाजाराच्या दिवशी आला आणि त्याच्यासाठी हाताच्या पंजाएवढी टोपली विणून ठेवून गेला. ज्याच्या बंडीवरून हा पडला तो सालदार तर रोज यायचा. बोलायचा काहीच नाही. पळसाच्या पानाच्या द्रोणात कधी चारं, कधी टेंभुर्णं आणून बाजेवर ठेवायचा, क्षणभर उभा राहायचा आणि कामाला लागायचा. एकदा त्याने लाकडाचा भोवरा करून आणला. एका हाताने जाळी गुंडाळता येत नव्हती, तेव्हा तोच खाली बसून गुंडाळून द्यायचा आणि भाऊ डाव्या हाताने फेकायचा. चार-पाच फेऱ्या झाल्या की मामा हाक मारेपर्यंत तो उठायचा नाही. त्याच्यावर कोणी रागावलं नव्हतं. तरी त्याला ते फेडायचं होतं, आणि फेडायला त्याच्याकडे वेळ होता.

आम्ही कुणी "अरेरे, बिचाऱ्याची सुटी वाया गेली" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. त्याची सुटी चालूच होती. महिन्यात लेकराचं हाड जुळून येतं, आणि आमची सुटी महिन्याहून मोठी होती. मोडलेला हात त्या सुटीत सहज मावला.

शाळा सुरू व्हायच्या आधी आदिलाबादला प्लास्टर कापलं. आतला हात बारीक, गोरा आणि सोलल्यासारखा निघाला. कोपर मात्र किंचित आतल्या बाजूला वळलेलं राहिलं. हाड थोडं तिरकं जुळलं की असं होतं, हाताचं काम अडत नाही. आज भाऊ साठीत आहे. दोन्ही हात सरळ पुढे केले की त्याचा उजवा हात अजून वेगळा दिसतो.

आता याच भावाच्या नातीबद्दल सांगते. गोष्ट 2023 सालच्या दिवाळीची आहे.

माझा भाचा आणि भाचेसून दोघं पुण्यात नोकरी करतात. त्यांची मुलगी तेव्हा सात वर्षांची, मला आत्याआजी म्हणते. बाबांचं आजोळ आपल्या लेकीला दाखवावं असं भाच्याला फार दिवसांपासून वाटत होतं. शेवटी चार दिवसांची रजा जमली. नागपूरपर्यंत विमान, तिथून भाड्याची गाडी, एक दिवस इचोडा, एक दिवस धबधबे, एक दिवस केस्लापूरचं नागोबाचं देऊळ आणि जमल्यास जवळच्या पाड्यावर दंडारीचा नाच, चौथ्या दिवशी परत. सगळं मोबाइलवर तासांत मांडलेलं. मी आणि भाऊ नांदेडहून आधीच पोचलो होतो. रेल्वेला आता रुंद रूळ आहेत आणि मुंबईची नंदीग्राम एक्सप्रेस किनवट-आदिलाबादवरून जाते.

इचोडाही बदललं आहे. सात नंबरचा महामार्ग आता चव्वेचाळीस नंबरचा, चौपदरी. राज्य 2014 पासून तेलंगणा, आणि 2016 साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. ज्वारी कमी झाली, कापूस आणि सोयाबीन वाढलं. मामाच्या मातीच्या घराच्या जागी मामेभावाने स्लॅबचं घर बांधलं आहे. बंडी नाही, ट्रॅक्टर आहे. लिंब आहे.

कुंतला धबधबा तिथून जवळ, नेरडिगोंड्याच्या बाजूला. कडम नदी सुमारे 45 मीटर उंचीवरून कातळावर कोसळते, आणि दिवाळीत पाणी चांगलं असतं. आमच्या लहानपणी तिथे जायला नीट वाट नव्हती, आजी आम्हाला पाठवायचीच नाही. आता खाली उतरायला शेकडो पायऱ्या आहेत. जागा देखणी आहे तितकीच घातकी, तिथल्या डोहांनी पोहायला उतरलेल्यांचे जीव घेतले आहेत. म्हणून भाच्याने लेकीचा हात पाण्याजवळ क्षणभरही सोडला नाही. सुटला तो वर येताना, शेवटच्या पायऱ्यांवर. वर मक्याची कणसं भाजत होती, तिकडे ती पळाली, ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि तिने हात पुढे केला.

भावाने लांबूनच पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. कोपराच्या वर हात वाकलेला. त्याने ते ओळखलं, मीही ओळखलं.

पण पुढचं मात्र अगदी वेगळं झालं, आणि ते मला मनापासून सांगायचं आहे. एक बाई पुढे आली, "चोळू का जरा, उतरेल," म्हणाली. भाचेसुनेने तिला थांबवलं. कणसं विकणाऱ्या मुलीने आपल्या मालाचा पुठ्ठ्याचा खोका फाडून दिला. भाचेसुनेने तो पुठ्ठा पन्हळीसारखा वाकवून हाताखाली धरला, हात होता तसाच ठेवून वर आणि खाली ओढणीने सैलसर बांधला, कोपर मोकळं आणि बोटं उघडी. ऑफिसातल्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकली होती. बांधून झाल्यावर तिने मुलीचं नख दाबून पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला. ते लगेच गुलाबी झालं.

108 ला फोन लावला होता, पण आमची गाडी दाराशीच होती म्हणून तिनेच निघालो. ती 108 ची सेवा देशात पहिल्यांदा हैदराबादला 15 ऑगस्ट 2005 रोजी सुरू झाली आणि महाराष्ट्रात 2014 मध्ये आली. ज्या सडकेवर मामा अंधारात ट्रकची वाट बघत उभा होता, तिथे आता तीन आकडे फिरवले की गाडी येते. आदिलाबादला 2008 पासून रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी अस्थिरोगतज्ज्ञही आहेत. आम्ही गेलो त्या ठिकाणी फोटो पडद्यावर क्षणात उमटला. भाच्याने तो पुण्यातल्या डॉक्टर मित्राला पाठवला, त्यानेही तेच सांगितलं जे तिथले डॉक्टर सांगत होते: हाड सरकलंय, भूल देऊन बसवायचं आणि दोन तारा घालायच्या. पोरीने बिस्किटं खाल्ली होती, म्हणून पोट रिकामं होईपर्यंत भुलेसाठी थांबावं लागलं. रात्री तारा घातल्या. पडद्यावर हाड बघत बघत, कातडी न कापता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसून इडली खात होती.

तिचा हात आज सरळ आहे. दोन्ही हात पुढे केले तर कुठला मोडला होता ते डॉक्टरालाही सांगता येणार नाही. भाऊ तिला अधूनमधून तसं करायला लावतो आणि बघत बसतो.

म्हणून जुने दिवस आठवताना मी उपचारांबद्दल एक शब्दही हळहळीने बोलणार नाही. लेप आणि कामट्यांनी किती हात थोटे झाले याची मोजदाद कोणी ठेवली नाही. आमच्या गल्लीतच एक होता, त्याची बोटं तशीच आत वळलेली होती, आणि लहानपणी आम्ही त्याला घाबरायचो. पायात काटा मोडला तरी बायका धनुर्वाताच्या भीतीने देव पाण्यात ठेवायच्या. देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम 1978 साली सुरू झाला, सार्वत्रिक लसीकरण 1985 साली. आम्ही त्याच्या आधीची पोरं, जगलो ते नशिबाने. तेलंगणात आजही सडकेच्या कडेला "पुत्तूर कट्टु"च्या पाट्या दिसतात, चित्तूरकडच्या पुत्तूरच्या नावाने हाडं बांधून देणाऱ्यांच्या. मोठ्या माणसांनी आपल्यापुरतं काय ते ठरवावं. लेकराचं कोपर तिथे नेऊ नये.

हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

तारा घातल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी इचोड्याला आली. मामेभावाच्या बायकोने अंगणात लिंबाखाली गादी घातली होती, मऊ भात केला होता. गल्लीतली दोन पोरं येऊन दाराशी उभी होती. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते तिघं नागपूरला निघाले, कारण विमानाचं तिकीट होतं आणि रजा संपत होती. भाच्याने रजा वाढवून मागितली होती, पण कामाची मुदत होती आणि ते जमणार नव्हतं. त्याचा दोष नाही. गाडीत बसताना तो माझ्याशी डोळे मिळवत नव्हता, याचंच मला वाईट वाटलं. कर्त्या मुलाला लेक आजारी असताना वेळ मागावा लागतो आणि तो मिळत नाही, ही त्याला लाज वाटावी अशी गोष्टच नाही.

दंडारीही राहून गेली. मोरपिसांचे मोठाले टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी नाचत येतात, मागून गुमेला आणि पेपरे वाजत असतात. गोंडांचा हा दिवाळीचा नाच गावोगाव फिरतो. मार्लवाईच्या कनक राजूंना त्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या घरातही पेढे वाटले होते. ती नाचणारी माणसं पाहायला मुलगी पुण्याहून निघाल्यापासून दिवस मोजत होती. गळ्यात हात बांधूनही तिला ते पाहता आलं असतं. पाड्यावर खाट टाकून दिली असती कोणीही.

पुण्यात नंतरचे आठवडे तिने चौदाव्या मजल्यावर काढले. आई एका खोलीत कॉलवर, बाबा ऑफिसात, सांभाळायला एक मावशी आणि हातात टॅब. मी रोज व्हिडिओ कॉल करायची. "आत्याआजी, बोअर होतंय," एवढं एकच वाक्य. सोसायटीत तिच्या वयाची पंधरा-वीस मुलं आहेत. त्यांच्या आयांनी ग्रुपवर फुलांची चित्रं पाठवली, "लवकर बरी हो" लिहिलं. मनात माया होतीच. पण शाळा, मग तबल्याचा वर्ग, मग पोहणं, मग गृहपाठ, यातून कोणाचं लेकरू दुपारभर दुसऱ्याच्या घरी बसणार? मी स्वतः जाऊन काही दिवस राहिले, सागरगोटे घेऊन गेले. ती डाव्या हाताने शिकली. पण खेळायला समोर मी एकटीच होते, आणि सागरगोटे एकीशी खेळायचा खेळ नव्हे.

सुट्या आपण का आखडत्या घेतल्या याची कारणं मला कळतात. दोघांच्या नोकऱ्या, शाळांचं एप्रिलमध्येच सुरू होणारं नवं वर्ष, उन्हाळी वर्ग, आजोळी सांभाळायला आता कोणी घरी नसणं. मामीसारख्या बायका घरी होत्या म्हणून आमची सुटी होती, आणि मामीला स्वतःला सुटी कधी नव्हती, हेही खरं आहे. तिच्या वाट्याला त्या उन्हाळ्यात एका मोडल्या हाताच्या लेकराचं न्हाणं-जेवण जास्तीचं आलं आणि तिने ते एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. आज तिच्या सुनेने तसं करावं असं मी म्हणणार नाही. पण चार दिवसांच्या सुटीत काहीही मावत नाही. ताप मावत नाही, पाऊस मावत नाही, एखाद्या लेकराचा रुसवासुद्धा मावत नाही. जरा काही झालं की सगळी सुटी बुडाली असं वाटतं आणि ज्याच्यामुळे बुडाली त्या लेकराला ते न सांगताही कळतं. नागपूरच्या वाटेवर ती आईला म्हणाली होती, "सॉरी, माझ्यामुळे सगळ्यांचं हॉलिडे गेलं." माझा भाऊ 1971 साली सात वर्षांचा होता. त्याला कोणाची माफी मागावी असं सुचलंही नव्हतं.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. मूल हातावर पडलं आणि कोपर सुजलं, वाकडं दिसलं, तर चोळू नका, ओढू नका, तेल लावू नका. पुठ्ठा, पट्टी, घडी केलेलं वर्तमानपत्र, जे हाताशी असेल त्याचा आधार देऊन हात आहे तसाच ठेवा, सैल बांधा, बोटं उघडी ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. बोटं गार पडली, बधिर झाली, पांढरी किंवा निळी दिसली, सरळ करताना फार दुखली, तर एक मिनिटही दवडू नका. प्लास्टर घातल्यावरही पहिल्या रात्री अधूनमधून नख दाबून पाहा.

आणि ज्यांच्या नात्यात, सोसायटीत, गल्लीत एखादं लेकरू हात गळ्यात बांधून घरी बसलेलं असेल, त्यांनी ग्रुपवर फूल पाठवून थांबू नये. येत्या रविवारी आपलं मूल घेऊन दुपारी त्याच्याकडे जा, आणि निघायची घाई करू नका.